सत्तावीस इंच

चिपळूणच्या दुकानात पुखराजशेठनी
दोन गाड्या उलगडल्या, छत्री उघडावी तशा, एका झटक्यात.
एक रुंद : पोरं शेजारी शेजारी,
लग्नातल्या विहिणींसारखी.
एक लांब : पुढे एक, मागे एक,
होडीत बसतात तशी.
"ही लिफ्टमध्ये आरामात जाते, मॅडम."
आमच्या हर्णैत लिफ्ट मला एकच ठाऊक आहे,
बर्फाच्या कारखान्यात,
तीही लाद्यांसाठी.

मी पर्समधून टेप काढली.
रुंद गाडी तीस इंच.
आमची पाखाडी, हलिमाबींच्या गडग्यापासून आमच्या गडग्यापर्यंत,
अठ्ठावीस. फणसाच्या मुळाशी सत्तावीस.
सकाळीच मोजून निघाले होते,
तीर्थ कडेवर,
रेणू टेपचं दुसरं टोक धरून,
सोडून देऊन, पुन्हा धरून,
आणि मध्येच एका मुंगळ्याची लांबी घेऊन.

सासूबाई ओट्यावर कोलीम निवडत होत्या. म्हणाल्या,
"गडगे घातले तवा टेप कोनाकडं होती?
पाटीवाली बाय जाते का, तेवढं बघितलं."
आणि समोरून दुसरी आली तर?
"एकीनं अंग चोरायचं."
कुणी?
"जिची पाटी रिकामी, तिनं."
एवढंच बोलून त्या पुन्हा कोलमीतला कचरा काढू लागल्या.

म्हणजे रुंद गाडी बाद.
पण लांब गाडीत मागे कोणी बसायचं?
शेठ म्हणाले, मोठं मूल मागे, लहान पुढे, असंच असतं.
मी वाकून मागच्या सीटच्या उंचीवर डोकं नेलं.
दिसलं पुढच्या सीटचं छप्पर,
राखाडी, त्यावर एक पांढरा अस्वलाचा छाप.
बंदरावर नेली तरी मागून हेच दिसणार,
लिलाव नाही, होड्यांची निशाणं नाहीत, किल्ला नाही,
अस्वल.

मी धाकटी. मागची जागा मला पाठ आहे :
ताईचा फ्रॉक, ताईचं दप्तर,
ताईच्या वहीतली उरलेली कोरी पानं
आणि पहिल्या पानावर खोडलेलं ताईचं नाव.
पण ही तर मोठी असून मागे.
हे दुःख माझ्या ओळखीचं नव्हतं.

प्रणितला फोन लावला. तो बोटीवर.
किल्ल्याच्या पलीकडे गेला की रेंज जाते.
"चाकं केवढी आहेत?" त्यानं विचारलं,
"बारीक चाक वाळूत रुततं, आणि बेअरिंग खाऱ्या हवेनं..."
पुढचं किल्ल्यानं गिळलं.
मी चाकं मोजली. आठ इंच.
आठ इंच बरे की वाईट, ते आता
तो परवा मासळी उतरवून आल्यावर कळणार.

तेवढ्यात पुखराजशेठनी खटका दाबला,
पुढची सीट उचलली, उलटी फिरवून बसवली.
आता दोन्ही जागा समोरासमोर.
"याचे दोन हजार तीनशे जास्त," ते हळूच म्हणाले,
जणू हे पैसे त्यांनाच द्यायचे होते.
रेणू चढून बसली. तीर्थला समोर ठेवलं.
तो तिच्याकडे बघत राहिला,
मग तिच्या चपलेचा बंद तोंडात घातला.
समुद्र दोघांनाही दिसणार नाही, मी म्हटलं.
"दिसेल की," रेणू म्हणाली, "त्याचा त्याला, माझा मला."
मला हिशेब कळला नाही. मी पैसे दिले.

खोकं एसटीच्या टपावर. वरून ताडपत्री.
पाखाडीच्या तोंडाशी नऊ पायऱ्या,
तिथे मी आणि सासूबाईंनी गाडी उचलली, तीर्थसकट,
पालखी म्हणायला कोणी नव्हतं,
दोघींच्या कमरांनी आपापलं काय ते म्हटलं.

फणसाशी आलो
तर समोरून हलिमाबी, डोक्यावर सुक्या झावळ्यांचा भारा.
गाडी थांबली. भारा थांबला.
रेणू टुणकन खाली उतरली,
गडग्याला पाठ लावून, हात वर करून, डोळे मिटून
ओरडली,
"मी अंग चोरलं! या आता!"
पोट मात्र
होतं तिथेच, वाटेत,
दुपारच्या भातानं टम्म.